मापाचं ब्लाउज आधी बदला, कपाट नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५३, सांगलीत पतसंस्थेत नोकरी, गेल्या चार वर्षांत वजन ६१ वरून ७० किलो. कपाटात चाळीसेक साड्या, पण फिरून फिरून पाच-सहाच नेसल्या जातात. कुर्ते काखेत काचतात. दुकानात गेलं की एकतर मुलीच्या वयाचे कपडे दाखवतात, नाहीतर थेट सासूबाईंच्या. हातात ८००० रुपये आहेत, मार्गशीर्षात भाच्याचं लग्न आहे आणि तेव्हा नेसायच्या पैठणीचं ब्लाउज वाढत नाही. तर काय काय नवीन घेऊ, आणि यजमानांच्या कपड्यांचं काय करू?

ताई, माझं उत्तर 'अजून काही घेऊ नका' इथून सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साडी साडेपाच मीटरची असते. ती ६१ किलोलाही पुरते आणि ७० लाही, फार तर दोन निऱ्या कमी पडतात. चाळीसपैकी पस्तीस साड्या पडून राहतात, कारण त्यांची ब्लाउजं चढत नाहीत. आणि नवीन शिवलेलं ब्लाउजही धड बसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण शिंप्याकडे मापाला जुनं ब्लाउज देतो आणि म्हणतो, 'याच्यासारखंच, फक्त थोडं सैल.' शिंपी त्याच मापाला बाजूने अर्धा इंच वाढवतो. पण पन्नाशीत शरीर नुसतं बाजूने वाढलेलं नसतं. पाठ थोडी गोल झालेली असते, खांदे पुढे आलेले असतात, छाती खाली आलेली असते, दंड भरलेले असतात. खांद्याची हाडं मात्र तेवढीच राहतात. म्हणून बाजूने वाढवलेलं ब्लाउज छातीला बसतं, पण गळ्यातून घसरतं, टक्स, म्हणजे छातीच्या आकारासाठी घातलेल्या चिमट्या, चुकीच्या जागी टोचतात आणि पाठीवर चुण्या पडतात. मग आपल्याला वाटतं, आता आपल्याला काही शोभतच नाही.

काही गोष्टी इथून सांगता येणार नाहीत. तुमचं वजन पोटावर वाढलंय की दंडावर, जुन्या कपड्यांच्या आत किती कापड सोडलंय, तुमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई आल्टरची कामं घेतात की नाकं मुरडतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत. मोठ्या शहरात ते जास्त असतील, खेड्यात कमी.

सुरुवात आतून

पहिला खर्च ब्रेसियरचा. हे ऐकून बऱ्याच जणी हसतात, पण मापं त्याशिवाय घेऊच नयेत. जुन्या, ताणलेल्या ब्रेसियरवर घेतलेलं माप आणि नीट बसणाऱ्या ब्रेसियरवर घेतलेलं माप यांत टक्सची जागा एक ते दीड इंचाने वर-खाली होते. आधी ब्लाउजं शिवली आणि नंतर आतले कपडे बदलले, तर शिलाई वाया जाते.

माप घरीच घ्या. छातीच्या बरोबर खाली टेप आडवी, घट्ट धरून इंचात मोजा. तो झाला पट्ट्याचा आकडा, विषम आला तर पुढचा सम धरा. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून टेप सैल ठेवून मोजा. दोन्हींतला फरक २ इंच असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून दुकानात घालून पाहू देतात तिथूनच घ्या. नवीन घेताना सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक वर्षभरात ढिलं पडतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टा मोठा आणि कप लहान आहे असं समजा, कारण खरा भार पाठीवरच्या पट्ट्याने घ्यायचा असतो, खांद्यांनी नाही. साध्या सुती तीन पुरतात, दोन रोजच्या धुण्यातल्या आणि एक चांगली.

माप: अंगावरून, कागदावर

मग शिलाईवाल्या बाईंकडे जाऊन अंगावरून माप द्या आणि ते वहीत स्वतःही लिहून घ्या. छाती, छातीखाली, कंबर, खांदा ते खांदा, मुंढा (काखेभोवतीचा, बाही जोडतात तो गोल), दंडघेर आणि बाहीची लांबी ही नेहमीची मापं झाली. बहुतेक ठिकाणी गाळली जाणारी चार मापं तुम्ही मागून घ्या: खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतची उंची, दोन टक्सच्या टोकांमधलं अंतर, पुढची पूर्ण उंची, आणि मानेच्या मणक्यापासून मागची पूर्ण उंची. पाठ गोल झालेली असेल तर मागची उंची अर्धा ते पाऊण इंच जास्त लागते. ती दिली नाही की ब्लाउज मागून वर चढतं आणि कंबरेवर दोन बोटं मोकळी दिसतात.

मुंढ्याबद्दल एक सूचना. काखेत काचलं की आपण सांगतो, 'मुंढा जरा मोठा करा.' शिंपी कात्रीने मुंढा खाली कोरून देतो. काचणं थांबतं, पण हात वर केला की अख्खं ब्लाउज हाताबरोबर वर येतं, कारण बाही आता धडाला खूप खाली जोडलेली असते. बसमध्ये दांडा धरताना जी ओढाताण होते ती हीच. काचत असेल तर बाहीची आणि बाजूची शिवण सोडवून रुंदी द्यायची, मुंढा कोरू द्यायचा नाही. एकदा कापलेलं परत येत नाही.

चाळीस साड्यांची ब्लाउजं: कुठली वाचतील

आता कपाट उघडा. सगळी ब्लाउजं उलटी करून बाजूच्या शिवणीत किती कापड आहे ते पाहा. जुन्या, मुरलेल्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाउजात एकाशेजारी एक दोन-तीन टिपा मारलेल्या दिसतील. ती पुढची सोय असते. दोन टिपांत पाव इंच अंतर असेल, तर आतली एक टीप उसवली की चार थरांचे मिळून एक इंच मिळतो. शिवणीत प्रत्येक थराला पूर्ण एक इंच कापड असेल, तर पाव इंच शिलाईला सोडून उरतं पाऊण इंच. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा थर, म्हणजे चार वेळा पाऊण, तीन इंच. नऊ किलोच्या वाढीला सहसा एवढं लागत नाही, दोन-अडीच इंचांत काम होतं. बाहीच्या शिवणीत मात्र वेगळं कापड असायला हवं. बाजू सैल झाली आणि बाही तशीच राहिली, तर दंडावर वळ पडायचे थांबत नाहीत.

उसवण्याआधी एक चाचणी करा. काखेतलं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. घामाने कापड कुजलेलं असेल तर तिथे विरल्यासारखं दिसतं किंवा बारीक चर्र आवाज येतो. अशा ब्लाउजवर एक रुपयाही घालू नका. त्याचे काठ, लटकन, चांगले हुक काढून ठेवा आणि बाकी पुसायला घ्या.

घरी उसवणार असाल तर धागा ओढून काढू नका, त्याने कापडाची वीण सरकते. शिवणीच्या एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका पात्याने कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ खेचा, अलगद निघतो. मग कापडावर पाण्याचा हात फिरवून उलट बाजूने इस्त्री करा, सुती कापडातली सुईची भोकं बरीचशी बुजतात. रेशमी, सॅटिन आणि टिश्यूवर ती बुजत नाहीत. तिथे शिवण सोडवली की जुन्या भोकांची रांग दिसत राहते. काखेत असेल तर हरकत नाही, पण पुढच्या टक्सची शिवण रेशमी ब्लाउजात सोडवू नये. आतून निघालेलं कापड थोडं गडद दिसेल, कारण ते ऊन आणि साबणापासून वाचलेलं असतं. तेही हाताखाली झाकलं जातं.

अस्तराचं ब्लाउज असेल तर अस्तरात वेगळं मोजा. वरचं कापड एक इंच सोडलेलं आणि अस्तर अर्धा इंच, असं सर्रास असतं. वरचं सोडवलं आणि अस्तर तेवढंच राहिलं, की सगळा ताण अस्तरावर येतो आणि महिन्याभरात ते काखेत फाटतं. अशा वेळी अस्तरालाच दीड-दोन इंचांची पट्टी जोडायची, बाहेरून काही कळत नाही.

आत कापडच नसेल तर बाजूला पट्टी घालता येते. साडीच्या आतल्या, खोचायच्या टोकाकडून आठ-दहा इंच कापड काढायची पद्धत आहे, पण तुमचा नितंबाचा घेर ४४ इंचांच्या पुढे असेल तर ते करू नका, निऱ्या आधीच कमी पडत असतात. त्यापेक्षा जुळत्या रंगाचं, तेवढ्याच जाडीचं दुसरं कापड वापरा. आणखी एक पळवाट दिसते ती म्हणजे पुढच्या हुकपट्टीला जोड देऊन ब्लाउज मोठं करणं. अर्ध्या इंचापर्यंत चालतं. त्यापुढे गेलात तर दोन्ही टक्स काखेकडे सरकतात आणि पुढून ब्लाउज चपटं, विचित्र दिसतं.

माझा अंदाज, चाळीसपैकी बारा-पंधरा ब्लाउजं अशी वाचतील. सगळी एकदम सोडवायला देऊ नका. ज्या साड्या तुम्हाला मनापासून आवडतात त्यांची सहा द्या. साध्या बाजू सोडवायचे नगाला पन्नास-साठ रुपये पडतात.

उरलेल्या साड्यांना पाच ब्लाउजं

बाकीच्यांसाठी चाळीस ब्लाउजं शिवायची गरज नाही. साड्या दिवसा, खिडकीपाशी पलंगावर पसरा. ट्यूबलाइटखाली मरून आणि चॉकलेटी एकच दिसतात, आणि मग उन्हात फसगत कळते. गठ्ठे साडीच्या अंगाच्या रंगावर लावू नका, काठाच्या रंगावर लावा, कारण ब्लाउज दिसायला काठाशेजारी येतं. तुमच्या भागातल्या कपाटात इरकल असणारच. तिचं अंग काळं असो, हिरवं असो, पदर लाल-पांढराच, त्यामुळे एक गडद मरून ब्लाउज चार-पाच इरकलींना चालतं. बहुतेक कपाटांत मरून, काळं, बाटली हिरवं, फिकट सोनेरी-बदामी आणि गडद निळं एवढ्यांत पंचवीस-तीस साड्यांची सोय होते. एखादं खणाचं असेल तर ते सुती, प्लेन साड्यांवर उठून दिसतं.

कापड निवडताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६ इंची पन्ह्यात ४२ छातीचं, कोपरापर्यंत बाहीचं ब्लाउज ८० सेंटीमीटरात निघत नाही, मीटरभर लागतं. दुकानदार सवयीने ८० कापतो. टू बाय टू रुबिया रोजच्या वापराला उत्तम: घाम शोषतं, शेकड्याने रंग मिळतात. सुती कापड आणि सुती अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच शिवायला द्या. अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला फुगे येतात. शिलाई बिघडली असं आपण म्हणतो, पण दोष आळसाचा असतो.

आणि हो, ओटीत आलेले ब्लाउजपीस. प्रत्येक घरात वीस-पंचवीस तरी असतात, फिरत्या ठेवीसारखे. त्यांतला एक दोरा काढून काडीपेटीवर धरा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सुती निघालेल्यांची लांबी-पन्हा मोजा. पुरेसा असेल तर पहिलं ब्लाउज त्याचंच शिवून घ्या, नव्या मापाची परीक्षा म्हणून. ते घालून बसा, वाका, हात वर करा, खांद्यावर पदराला पिन लावा, दिवसभर ऑफिसात घाला. कुठे ओढतं, कुठे फुगतं ते शिलाईवाल्या बाईंना दाखवा आणि दुरुस्त झालेलं तेच पुढचं मापाचं ब्लाउज ठरवा. जुनं मापाचं ब्लाउज त्या दिवशी त्यांच्याकडून परत आणा, नाहीतर घाईच्या दिवसांत ते पुन्हा टेबलावर येतं.

शिवताना दोन गोष्टी सांगा. मागचा गळा पाच-सहा इंचांपेक्षा खोल नको आणि रुंदीला नेहमीपेक्षा अर्धा इंच कमी. खांदे उतरले की रुंद गळा घसरतो, मग दिवसभर खांदा सावरत बसावं लागतं. बाही दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी संपवू नका. एकतर तिच्या वर, किंवा कोपराच्या जरा वर, साधारण दहा इंचांवर. खांदा आखडत असेल तर मागचे हुक विसरा, पुढचेच घ्या. वेल्क्रो लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो साडीचे धागे ओढतो.

परकर

साडी 'बसत नाही' याचं दुसरं कारण परकर. सरळ कापडाला नेफा करून नाडीने आवळलेला परकर कंबरेवर कापडाचं वेटोळं करतो, त्यावर साडीचे थर आले की पोट दोन इंच पुढे दिसतं. सहा किंवा आठ कळ्यांचा परकर घ्या, तो कंबरेला सपाट आणि खाली पसरट असतो. इचलकरंजी तुमच्या शेजारीच आहे, मीटरवर सुती पॉपलिन घेऊन शिवून घेतलात तर तयार परकराएवढ्याच पैशांत चांगलं कापड मिळतं. बारीक गोल नाडीऐवजी इंचभर रुंद, चपटी पट्टी लावा आणि एक हुक.

नाडी घट्ट आवळायची सवय सोडाच. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन वयस्क बायकांची उदाहरणं मांडली. वर्षानुवर्षं एकाच जागी काचून झालेली कमरेवरची जखम भरलीच नाही आणि तिचा त्वचेचा कर्करोग झाला. त्यांतली एक परकराशिवाय लुगडं घट्ट नेसणारी होती. हे क्वचित घडतं, घाबरून जाऊ नका. पण कमरेवर काळा पट्टा, खाज, साल निघणं असेल तर नाडी सैल करा, जागा बदला, आणि जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

हल्ली मिळणारे ताणाचे, अंगाला चिकटणारे साडी-शेपवेअर लग्नात दोन तास ठीक आहेत. रोजच्या ऑफिसला, त्यातून स्कूटर चालवत असाल तर ते अडचणीचे: पाय पुरेसा उचलला जात नाही आणि घाम आतच राहतो.

कुर्ते

तयार कुर्ता घेताना आपण छातीवरून साइज ठरवतो, तिथेच चुकतं. कंपन्या साइज वाढवताना खांदाही वाढवतात. छातीला डबल एक्सएल लागतो म्हणून घेतला की खांद्याची शिवण दंडावर लोंबते आणि माणूस अजून ढगळ दिसतं. कुर्ता खांद्यावर निवडा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. बाजूने, पोटावर, काखेत फरक करता येतो. मोठा खांदा लहान करायचा म्हणजे बाही उसवून परत लावणं, त्यात शंभर-दीडशे जातात आणि तरी मुंढा नीट येईलच असं नाही. ताण नसलेल्या सुती कुर्त्याला छातीवर अंगापेक्षा तीन ते चार इंच जास्त हवेत. ऑनलाइन घेत असाल तर साइजचं नाव पाहू नका. घरातला नीट बसणारा एक कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, आणि तक्त्यातल्या कपड्याच्या मापाशी ताडून पाहा. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही कपड्याचं. हा फरक न पाहिल्यामुळेच बरेच कपडे परत जातात.

काखेत काचणारे जुने कुर्ते टाकू नका. काखेत कळी घालता येते: चार इंचांचा चौकोन, चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाऊन तीन इंचांचा उरतो, तो शंकरपाळ्यासारखा तिरपा बसवतात. हात मोकळा होतो. छातीलाही कमी पडत असेल तर बाहीच्या टोकापासून बाजूच्या कटापर्यंत, शिवून दोन इंच उरेल अशी पट्टी दोन्ही बाजूंना, म्हणजे चार इंच मिळतात. कापड कुर्त्याच्या लांबीतून काढा. घोट्याकडे गेलेले ४८ इंची कुर्ते ४३-४४ वर आणले की वरचं कापडही मिळतं आणि लांबीही सुटसुटीत होते. पट्टी वेगळ्या रंगाची असेल तर ती आधी भिजवून रंग जातो का ते पाहा.

पोट असेल तर कुर्ता पुढून वर उचलला जातो आणि बाजूचे कट उघडे पडतात. नवीन शिवताना पुढची लांबी एक इंच जास्त ठेवायला सांगा. कट फाकत असेल तर त्याचं कारण नितंबावर कापड कमी पडतंय. तिथे घेर द्या किंवा कट दोन इंच वरून सुरू करा, म्हणजे पुढचा-मागचा भाग मोकळा पडतो.

लेगिंगऐवजी सरळ पँट घ्या, काळी आणि बदामी अशा दोन पुरतात. इलॅस्टिक निदान सव्वा इंच रुंद हवं, बारीक इलॅस्टिक पोटात रुततं आणि गुंडाळतं. जुन्या सलवारी-पँटी निव्वळ इलॅस्टिक गेलं म्हणून पडून असतील तर कंबरेपेक्षा तीन-चार इंच कमी लांबीचं नवं इलॅस्टिक घाला, पँट पुन्हा वर्ष-दोन वर्षं जाते.

कापडाबद्दल एवढंच: या वयात अचानक अंग तापून घाम सुटत असेल तर जॉर्जेट आणि पॉलिस्टर क्रेप ऑफिससाठी टाळा, मलमल, केंब्रिक, खादी बरी. फक्त सुती साडीच्या मागे खळ आणि इस्त्री असते. इस्त्रीवाला साडीला पंधरा-वीस रुपये घेत असेल तर आठवड्याला चार साड्यांचे महिन्याला तीनशेच्या आसपास होतात. म्हणून ऑफिसला सिल्क-कॉटन मिश्र दोन-तीन आणि बाकी कुर्ते, असं मिश्रण परवडतं. खादी घ्यायचीच असेल तर २ ऑक्टोबरनंतर खादी भांडारात सूट लागते तेव्हा घ्या.

८००० चा हिशेब

ब्रेसियर तीन, १२००. सहा ब्लाउजं आणि तीन कुर्ते सोडवणं, कळ्या घालणं, १०००. दोन कळ्यांचे परकर, ६००. पाच ब्लाउजं: तीन नवीन कापडाची अस्तरासह १८००, दोन ओटीच्या कापडाची, फक्त शिलाई ८००. दोन सरळ पँट, १०००. एक नवा कुर्ता, ९००, कारण काहीतरी कोरं हवंच. लग्नाच्या ब्लाउजाला ५००. झाले ७८००. उरलेल्या दोनशेत हुक, इलॅस्टिक, पिना. सगळं एका महिन्यात करू नका: पहिल्या महिन्यात आतले कपडे, माप आणि परीक्षेचं ब्लाउज, बाकी त्यानंतर. माप चुकलं असेल तर एकाच ब्लाउजावर भागतं.

लग्नात नेसायच्या पैठणीचं ब्लाउज वाढत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि आत कापडही सोडलेलं नाही. ते तोडू नका. त्यातला मोलाचा भाग म्हणजे बाहीचे काठ. काखेखाली दोन्ही बाजूंना दीड-दोन इंची, जुळत्या रंगाच्या रेशमी कापडाची पट्टी घालून पाहायला सांगा. हात खाली असताना दिसत नाही आणि वर पदर असतो. पट्टीनेही भागणार नसेल, खांदा-गळाच बदलला असेल, तर त्याच रंगाच्या प्लेन रॉ सिल्कचं नवीन शिवा आणि जुन्या बाहीचे काठ उसवून नव्या बाहीला लावा. काठ उसवताना जरीच्या बाजूचा टाका कापू नका, अंगाच्या बाजूचा कापा. हे काम दिवाळीआधी द्या. तुळशीचं लग्न लागलं की शिलाईवाल्यांकडे रांग लागते आणि मग दोनदा घालून पाहायला कुणालाच वेळ नसतो.

यजमानांच्या कपड्यांचं शेवटी विचारलंय, त्याचं थोडक्यात. शिंप्याकडून शिवलेल्या पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत सहसा इंच-दीड इंच वाढवण्यापुरतं कापड असतं, तयार पँटमध्ये कमी, ते उलटून बघा. शर्टात मात्र वाढवायला काही नसतं, पोटावर बटणं ताणत असतील तर तो शर्ट कुणाला तरी द्या. मापात बसणारा पण कॉलर घासलेला शर्ट फेकू नका. कॉलर पट्टीपासून उसवून, उलटी करून परत शिवता येते, घासलेली बाजू खाली जाते. फक्त खालच्या बाजूला कॉलरच्या काड्यांचे खिसे आहेत का ते आधी पाहा, उलटल्यावर ते वर दिसतात.